जाणकाराचा रकाना

माझ्या टेबलाच्या उजव्या खणात सात वह्या आहेत. ऑफिसच्या किल्ल्या कुणाकडे आहेत, ही एक. कुठल्या कारखान्यात आमच्या प्रोग्रामची कितवी आवृत्ती चालू आहे, ही दुसरी. टेबलं, खुर्च्या, पंखे, यूपीएस, पाण्याचे जार, ही तिसरी. बाकीच्यांची नावं सांगत बसत नाही. घरी फ्रिजवरही यादी असते. मिस्टर हसतात, पण गॅसचा नंबर कधी लावला हे विचारायला माझ्याकडेच येतात.

हे आधी सांगून टाकते, कारण पुढं जे झालं ते एका यादीमुळं झालं, आणि ती यादी माझी होती.

सांगलीत विश्रामबागेत एका औषधाच्या दुकानावर आमचं ऑफिस आहे. सातारा-सांगली भागातल्या साखर कारखान्यांना लागणारं सॉफ्टवेअर आम्ही तयार करतो. मी इथं फोन घ्यायला आणि पत्रं टाइप करायला लागले. आता कार्डावर 'प्रकल्प समन्वयक' असं छापलंय. काम तेच: कोण, काय, कधीपर्यंत. प्रोग्राम मला लिहिता येत नाही.

प्रोग्राम म्हणजे शेवटी यादीच असते. आधी हे कर, मग ते कर, अमुक नसेल तर तमुक कर. म्हणून मला तो कधी परका वाटला नाही. फरक इतकाच, की आमची यादी लाखांत मोजाव्या अशा ओळींची आहे, ती वीस वर्षं निरनिराळ्या माणसांनी लिहिली आहे आणि त्यातली निम्मी माणसं केव्हाच नोकरी सोडून गेली आहेत. सगळी यादी डोक्यात असलेला माणूस असू शकत नाही, असं मी धरून चालले होते.

गळीत हंगामात कारखान्याच्या दारात काय चालतं हे आपल्याकडच्यांना सांगायला नको. बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. उसाची गाडी आली की गेटवर तिला टोकन मिळतं. मग ती यार्डात उभी राहते. वजनकाट्यापाशी मोठा फलक असतो. त्यावर आपला नंबर झळकला की काट्यावर जायचं. ट्रॅक्टरचे नंबर वेगळे चालतात, बैलगाड्यांचे वेगळे, म्हणून आधी कोण आलं हे टोकनवरच्या वेळेवरून बघावं लागतं. ते आमचा प्रोग्राम बघतो आणि पाळी लावतो. पाळी चुकली तर ऊस वाळतो, बैल मानेवर जू घेऊन उन्हात उभे राहतात, आणि तिसऱ्या तासाला माणसं काट्याच्या केबिनची काच फोडतात.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या बरंच आधी आमचे मालक देशमाने सर यांनी मला आत बोलावलं. पुण्याची एक मोठी कंपनी आमची कंपनी घेणार होती. त्यांनी एक रिकामा तक्ता पाठवला होता. प्रोग्रामचे सगळे भाग एकाखाली एक, आणि प्रत्येक भागापुढं 'जाणकार' असा रकाना. त्यात दोन नावं भरायची.

"दोन कशाला?" मी विचारलं.

"एक आजारी पडला तर दुसरा." सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "शोभाताई, यादीत नाव असेल त्याला ते घेणार. बाकीच्यांचं मार्चनंतर काही सांगता येत नाही. हे बाहेर बोलू नका."

आमच्या ऑफिसात 'बाहेर बोलू नका' म्हटलेली गोष्ट खालच्या औषधवाल्याला सकाळच्या चहाआधी कळते.

मी कामाला लागले. कोणाला काय येतं हे माणसांना विचारून कळत नाही, हे मला माहीत होतं. जो मोठ्यानं बोलतो त्याला सगळं येतं असं वाटतं. मला पुरावा हवा होता. सुहास जाधव म्हणाला, "मॅडम, हे लय सोपं हाय." सुहास कराडचा, आमच्यातला सगळ्यात चपळ प्रोग्रामर. त्यानं मला दाखवलं, की कोडची कुठली ओळ शेवटी कुणी बदलली याची नोंद आपोआप राहते. तिला आम्ही हिस्ट्री म्हणतो. एक आज्ञा दिली की प्रत्येक ओळीपुढं माणसाचं नाव उमटतं. त्या आज्ञेचं नाव 'ब्लेम' आहे. म्हणजे ठपका. नाव ठेवणाऱ्यानं आमचा धंदा नीट ओळखला होता.

संध्याकाळपर्यंत यादी तयार झाली. प्रत्येक भागात पहिलं नाव सुहास जाधव.

"सुहास, काट्याच्या भागात तू? तो लिहिला तेव्हा तू शाळेत होतास."

तो मान खाजवायला लागला. "ते मॅडम, मी नवीन लागलो तवा सगळ्या फायलींतल्या मोकळ्या जागा सारख्या केलत्या. एक टूल असतं, त्यातनं सगळं काढलं. तवापास्नं प्रत्येक ओळीवर माझं नाव बसलंय."

"म्हणजे घर झाडलंस म्हणून घर तू बांधलंस?"

"झाडलं चांगलं होतं की, मॅडम."

तो एक दिवस हिस्ट्रीतून वगळला आणि यादी पुन्हा काढली. आता बहुतेक जुन्या भागांत पहिलं नाव आलं 'कोपरा'.

कोपरा हा माणूस नव्हे. भारनियमनाची वर्षं आठवा. दिवसाचे कित्येक तास वीज नसायची आणि आमच्या इन्व्हर्टरवर एकच मशीन चालायचं. ते भिंतीच्या कोपऱ्यात होतं, म्हणून त्याचं लॉगिन 'कोपरा'. वीज गेली की सगळे आपापले कागद घेऊन पाळीनं तिथं बसायचे. स्वतःच्या नावानं आत शिरायला दोन मिनिटं लागायची, ती कोण घालवणार? त्यामुळं चार-पाच वर्षांतलं निम्मं काम हिस्ट्रीत कोपरा या नावावर जमा आहे. असली चूक पुण्या-मुंबईच्या कंपनीत झाली नसती. तिथं प्रत्येकाला वीज होती.

कोपरा वगळून त्याखालचं नाव मी पहिलं धरलं; काट्याच्या आणि पाळीच्या भागात किरकोळ दुरुस्त्यांमुळं ते पुन्हा सुहासचंच निघालं. ज्या तुकड्यांवर फक्त 'कोपरा' होतं, तिथं मी रकान्यात आडवी रेघ मारली आणि शेरा लिहिला: 'जाणकार नाही. गरज नसल्यास काढावे.' पुण्याला प्रोग्राम आटोपशीर करून हवा होता. सुहासनं असे चाळीसेक तुकडे एकेक करून काढले, दर वेळी ऑफिसात प्रोग्राम चालवून बघितला. काही बिघडलं नाही. मी वहीत बरोबरच्या खुणा करत गेले. खुणा करताना मला फार बरं वाटतं. हा माझा जुना दोष आहे.

आता मुनीरभाई.

मुनीर मुल्ला रहिमतपूरचे. आमच्यातले सर्वांत जुने प्रोग्रामर. सोमवारी येणार, शनिवारी गावी जाणार. कमी बोलणार. कुणी काही विचारलं तर शांतपणे ऐकून घेणार आणि पुष्कळदा सांगणार, "हे काढून टाक, लागत न्हाई." हिस्ट्रीत त्यांच्या नावावर लिहिलेल्या ओळींपेक्षा काढलेल्या ओळी जास्त निघाल्या. ब्लेमची आज्ञा फक्त उरलेल्या ओळी मोजते. काढलेल्या ओळीवर नाव कुठं उमटणार? कुठल्याही भागात ते पहिल्या दोघांत आले नाहीत. मला जरा चुकल्यासारखं वाटलं. पण नियम सगळ्यांना सारखा, असं मी स्वतःला सांगितलं आणि पुढची ओळ भरली.

तीन दिवसांनी ते माझ्या टेबलापाशी आले. "ताई, माझं नाव कुठं हाय का?"

"यादी अजून पक्की नाही, मुनीरभाई."

"व्हय, व्हय," ते म्हणाले. माझ्या तोंडावर काय होतं ते त्यांनी वाचलं असावं. पुढच्याच आठवड्यात त्यांनी सगळ्या शिल्लक रजेचा अर्ज दिला. कारण: घरगुती.

"एवढी रजा एकदम?"

"शिल्लक ठिवून काय करू? गावात मेहुण्याचं झेरॉक्सचं दुकान हाय. त्याला एक माणूस पायजेच हाय." ऑफिसची किल्ली त्यांनी माझ्यापुढं ठेवली. मी किल्ल्यांच्या वहीत खूण केली.

हंगाम सुरू झाला. तिसऱ्या दिवशी सकाळी दहाला इस्लामपूरकडच्या एका कारखान्याच्या यार्ड सुपरवायझरचा फोन आला. "मॅडम, तुमचं मशीन डोकं फिरल्यागत करतंय बघा. आत्ता आलेल्या गाड्यांचं नंबर पुकारतंय, आन् पहाटंपास्नं हायेत त्या तिथंच. लोकं तापल्यात. माणूस धाडा, न्हाईतर मी केबिनला कुलूप लावून घरी जातो."

सुहासनं गाडी काढली. मीही बसले. पुण्याच्या लोकांना यादी दुसऱ्या दिवशी चार वाजेपर्यंत द्यायची होती आणि हा कारखाना यादीतल्या पहिल्या जाणकाराची परीक्षाच घेणार होता.

यार्डात पाय ठेवला तेव्हा ऊन चढलेलं होतं. फलकावर नंबर झळकत होते आणि खाली एक ओळ नेहमीसारखी सरकत होती: 'पाळीने या. कुणाचाही नंबर चुकणार नाही.' एक ट्रॅक्टरवाला सीटवरूनच ओरडला, "ओ मॅडम, तेवढं मोठ्यानं वाचा की! आमाला लांबनं दिसत न्हाई."

सगळे हसले. हसण्यात राग होता.

बैलगाड्यांच्या रांगेत पुढंच जत तालुक्यातली एक बाई होती. नवरा काट्याकडं भांडायला गेलेला, ही बैलांच्या तोंडावर ओलं फडकं फिरवत होती. मी म्हटलं, "मावशी, बघतोय आम्ही. होईल लगेच."

"व्हय बाई," ती माझ्याकडं न बघता म्हणाली. "माज्या बैलास्नी वाचाय येत न्हाई, म्हून गप हुबी हायेत ती."

मी केबिनकडं वळले.

सुहास केबिनमध्ये बसला. अर्धा तास गेला, तास गेला. बाहेरचा आवाज वाढत होता. शेवटी त्यानं लॅपटॉपवरून हात उचलले. "मॅडम, ह्या भागाला पहिलं नाव माझं दिलंय तुमी. पर खरं सांगतो, ह्यातलं मला काय ठावं न्हाई. जुनी हिस्ट्री ऑफिसात हाय, आन् इथं नेट लागत न्हाई. मी नेमका कुठं बघू?"

मी वही उघडली. पहिलं नाव सुहास. दुसरं नाव भरायला माणूस मिळाला नव्हता म्हणून आडवी रेघ.  मग रहिमतपूरला फोन लावला.

मागं झेरॉक्स मशीनचा आवाज येत होता. "बोला ताई." मी काय झालंय ते सांगितलं. फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला.

"तिथं सकाळी लाईट गेलती का?" मुनीरभाईंनी विचारलं.

सुपरवायझर माझ्याकडं बघायला लागला. "गेलती की. आठला. पाच मिन्टात आली."

"गेटवरच्या मशीनला तारीख काय दावतंय ते बघून या."

सुहास पळत गेला, पळत आला. तारीख एक जानेवारी, आणि साल तो सातवीत असतानाचं.

"त्या मशीनच्या आतला सेल संपलाय. लाईट गेली की घड्याळ मागं जातंय. आठनंतर जी गाडी आली तिच्या टोकनवर जुनी वेळ पडली. म्हंजे तीच आधी आली असं प्रोग्राम धरणार. आता घड्याळ नीट केलं तरी त्या टोकनांवरची वेळ खोटीच ऱ्हाणार." ते हे सगळं बाजारभाव सांगावा तसं सांगत होते. दीडशे ओळींची एक फाईल उघडून तासभर बसलेला सुहास समोर होता, आणि हा माणूस तिकडं दुकानात उभा राहून, कोड न बघता, दोन प्रश्नांत आत शिरला होता. "पर त्याची सोय केलेली हाय की. पाळीच्या फायलीत खाली एक तुकडा हाय. घड्याळ मागं गेलेलं दिसलं की वेळ बघायची न्हाई. टोकनचा नंबर बघायचा, तीन ट्रॅक्टरमागं एक बैलगाडी सोडायची. तो तुकडा का चालंना? सुहास, वाच बरं."

सुहासनं माझ्याकडं बघितलं.

"तो काढलाय, मुनीरभाई," मी म्हटलं. "त्यावर कोपरा असं नाव होतं. माझ्या यादीत त्याला जाणकार नव्हता. काढा म्हणून मीच लिहिलं."



"बैलगाड्या किती हुब्या हायेत?" त्यांनी विचारलं.

"तीसभर," सुपरवायझर म्हणाला.

"मग बोलत बसाय येळ न्हाई. सुहास, लिव."

आणि त्यांनी तो तुकडा सांगायला सुरुवात केली. तोंडपाठ. कंस कुठं उघडायचा, कुठं बंद करायचा, कुठल्या शब्दाआधी किती जागा. मला त्यातलं काही कळत नव्हतं, पण मी ऐकत राहिले. मध्येच आवाज आला, "दोन्ही बाजू का एकच?"

"कशाच्या दोन्ही बाजू?" सुहास गडबडला.

"तुला न्हाई रं. आधार कार्डाचं गिऱ्हाईक हाय. तू पुढची ओळ घे." मग थोड्या वेळानं, "आता एक ओळ मोकळी सोड. मी सोडलेली हाय."

चौदा ओळी झाल्या. सुहासनं प्रोग्राम पुन्हा सुरू केला. फलक एकदा विझला.  मग तीन ट्रॅक्टरचे नंबर आले, पहाटेचे, आणि चौथा बैलगाडीचा. जतच्या त्या बाईनं टोकन डोळ्यांजवळ धरून बघितलं, फलकाकडं बघितलं, कासरा उचलला. बैल चालायला लागले. ट्रॅक्टरवाल्यांनीच बाजूला होऊन वाट दिली.

मी पुष्कळ वर्षं कॉम्प्युटरच्या धंद्यात आहे. मोठमोठी मशीनं बघितली. तेव्हा वाटलं तसं कधी वाटलं नव्हतं.  केबिनमधल्या फोनमधून कुणीतरी दोन रुपयांच्या प्लॅस्टिक पिशवीबद्दल काहीतरी विचारत होतं आणि इथं दीडशे गाड्यांची रांग पाटाला पाणी लागावं तशी सरळ होत होती.

परतताना सुहासनं गाडी कुठंही थांबवली नाही. ऑफिसात पोचल्यावर त्यानं पहिलं काम केलं ते जुन्या हिस्ट्रीतून काढलेला तुकडा उघडून आज लिहिलेल्या तुकड्याशेजारी ठेवण्याचं. मला हाक मारली. चौदा ओळी तंतोतंत तशाच होत्या, मोकळ्या ओळीसकट. फक्त एक शब्द वेगळा. त्यानं लगेच फोन लावला. मुनीरभाई म्हणाले, "व्हय. तो शब्द तवा चुकलावता. मनात ऱ्हायलंवतं, आज सुधरून घेतला."

सुहासनं फोन ठेवला. मग म्हणाला, "मॅडम, त्यास्नी यादीत घ्या. पर पुण्याची लोकं तीच आज्ञा चालवून बघणार. हिस्ट्रीत त्यांचं नाव निघंना तर आपलं कोण ऐकणार?"

मला पुरावा हवा होता. आजची गोष्ट सांगितली असती तर ती एका फोनची गोष्ट झाली असती, योगायोग म्हणून सोडून देता आली असती. मी माझ्या सगळ्या वह्या टेबलावर काढल्या. दुपार त्यात गेली. फोनची वही, आवृत्त्यांची वही, किल्ल्यांची वही. शेवटी उगाचच म्हणून सामानाची वही उघडली. टेबलं, खुर्च्या, पंखे. आणि तिथं, माझ्याच अक्षरात, निरनिराळ्या वर्षांच्या पानांवर:

'लाकडी स्टूल, मुनीरभाईंचे टेबलाशेजारी, पाय मोडला, बदलले.'

'प्लॅस्टिक स्टूल, मुनीरभाईंचे टेबलाशेजारी, तडा गेला, बदलले.'

'स्टूल, मुनीरभाईंचे टेबलाशेजारी, बदलले.'

मी उठून हॉलमध्ये गेले. टेबलं मोजली. कुणाच्याच टेबलाशेजारी स्टूल नव्हतं. फक्त त्या एका, मालक नसलेल्या टेबलापाशी चौथं स्टूल होतं, बसून बसून मधोमध खोलगट झालेलं. इतकी वर्षं ऑफिसातला प्रत्येक जण अडला की तिथं जाऊन बसला होता. कोण कुणाकडे विचारायला जातं, याची नोंद जगातल्या कुठल्याही हिस्ट्रीत नव्हती. माझ्या वहीत होती, आणि ती मी पंख्यांच्या खाली लिहिली होती.

नवीन तक्ता केला. काटा, पाळी, तोडणी कार्यक्रम, गाड्यांची नोंद, अशा सगळ्या जुन्या भागांत मुनीर मुल्ला हे पहिलं नाव. 'आधार', म्हणजे पुरावा, असाही एक रकाना होता, त्यात लिहिलं: 'त्यांच्या टेबलाशेजारचे स्टूल वापरून वापरून तीन वेळा बदलावे लागले. इतर कोणाच्याही टेबलाशेजारी स्टूल नाही. सामान नोंदवहीच्या प्रती सोबत.'

देशमाने सरांनी ते दोनदा वाचलं. "स्टूल? शोभाताई, हे असलं पुण्याला पाठवायचं?"

"सर, गेल्या हंगामात तुम्ही स्वतः किती वेळा बसलात त्यावर?"

सरांनी कागद माझ्याकडं सरकवला. "पाठवा," म्हणाले.

पुण्याहून एका बाईंचा फोन आला. वय कमी असावं, आवाज नेमका. आधी त्यांना वाटलं माझी काहीतरी टायपिंगची चूक आहे. मी यार्डातलं सगळं सांगितलं, स्टुलाचंही. त्यांनी सगळं लिहून घेतलं. मग म्हणाल्या, "मला त्यांच्याशी बोलायचंय." मुनीरभाई झेरॉक्सच्या दुकानातून त्यांच्याशी दीड तास बोलले. काय बोलले ते मला माहीत नाही. पुढच्या सोमवारी ते कामावर आले, किल्ली परत घेतली, मी खूण केली. त्यांचं टेबल पुसलेलं होतं, आणि स्टुलावर सुहास वही घेऊन आधीच बसलेला होता.

"ऊठ जरा," मुनीरभाई म्हणाले. "मला खुर्चीपतुर तर जाऊ दे."

हे सगळं गोड झालं असं मात्र नाही. त्या यादीत नसलेले दोघे मार्चमध्ये गेले. त्यांच्या टेबलाशेजारी स्टूल नव्हतं. पण त्यांचं काय कुठल्या वहीत लिहिलेलं होतं, हे मी शोधलं नाही. शोधायला हवं होतं. वह्या सात होत्या.

हंगाम संपल्यावर मी एक काम अंगावर घेतलं. 'कोपरा' या नावाचे सगळे तुकडे कागदावर छापून काढले आणि रोज दुपारी एक तास ते गठ्ठे घेऊन मुनीरभाईंच्या शेजारी स्टुलावर बसायला लागले. खरं कुणी लिहिलं ते त्यांनी सांगायचं, मी नाव लावायचं.

ते कागदावरून बोट फिरवायचे. "हे कुलकर्णीबाईंचं. बाई नावं लांबलचक ठिवायच्या, वाचताना दम लागायचा." पुढचं पान. "हे शिंद्याचं. आन् जेवायच्या आदी लिवलेलं हाय, घाई बघा कशी हाय. जेवून लिवलेलं शिंद्याचं निवांत असतंय." कधी थांबायचे, कागद लांब धरायचे. "हे माझं. पर मला शिकवलं एका गाडीवानानं. एका कारखान्यात असंच घड्याळ मागं गेलंवतं. म्हातारा आला, टोकन माझ्या टेबलावर ठिवलं आन् म्हणाला, सायेब, तुमचं घड्याळ खोटं बोलतंय, माझा नंबर खोटा न्हाई. तेवढंच लिवलं मी. चौदा ओळीत."

नोकरी सोडून गेलेली, परदेशी गेलेली, एक-दोन वारलेली माणसं त्या कागदांतून एकेक करून उठून येत होती. अक्षर नसलेल्या मजकुरात मुनीरभाईंना अक्षर दिसत होतं. मी लिहायचं विसरून ऐकत बसायची.

एका दुपारी ते एका पानावर थांबले आणि हसले. "हे तुमचं."

"माझं? मुनीरभाई, मला प्रोग्राम येत नाही."

"एकच ओळ हाय. फलकावर इंग्रजीतनं यायचं, गाडीवानास्नी वाचाय येईना. सरांनी सांगितलं मराठीतनं करा. लाईट गेलती. तुमी कोपऱ्यात बसून टाइप केलं आन् पत्रं टपालात टाकाय गेला. पूर्णविराम बघा की. आमच्यातल्या कुणाला पूर्णविराम द्यायची सवय हाय?"

मी कागद हातात घेतला. 'पाळीने या. कुणाचाही नंबर चुकणार नाही.'

मला काहीच आठवत नव्हतं. त्या दिवशी यार्डात ती ओळ माझ्या डोक्यावरून सरकत होती, लोक ती मला वाचून दाखवायला सांगत होते, आणि माझ्याच यादीनं ती खोटी पाडली होती.

"लिवा नाव," मुनीरभाई म्हणाले. "दोन लागतात."

मी वही उघडली आणि त्या ओळीपुढं, जाणकाराच्या रकान्यात, माझं नाव लिहिलं. ती ओळ टाइप केली तेव्हा मला तिच्यातलं काही कळलेलं नव्हतं. ते मला जतच्या त्या बाईनं, बैलांचं तोंड पुसता पुसता शिकवलं. दुसरं नाव तिचंच लिहायला हवं. पण त्या दिवशी मी ते विचारून घेतलं नाही. ती जागा अजून रिकामी आहे. तिथं आडवी रेघ मारलेली नाही.